बँडच्या लेखी ती बसलेली आहे

मनगटावरचा बँड आणि त्याच्याशी जोडलेले मोबाइलमधले आरोग्याचे ॲप यांच्याबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक 'कोणता घ्यावा' या प्रश्नाचे उत्तर असते. बॅटरी किती दिवस पुरते, पावसात चालतो का, दोन हजारांत यापेक्षा बरा मिळेल का. दुसऱ्या टोकाला 'यंत्रांच्या आहारी गेलेला माणूस' या विषयावरचे निबंध असतात, आणि त्यांत यंत्राचे नाव बदलले तरी निबंध तोच राहतो. या दोन्हींमध्ये ॲप स्वतः काय म्हणते ते कोणी नीट वाचत नाही. मी 'वाचत नाही' हे शब्दशः म्हणतोय. ॲप हा एक मजकूर आहे. त्यात निवेदक आहे, तो आपल्याला 'तुम्ही' म्हणतो, सकाळी शाबासकी देतो, दुपारी ढोसतो, रात्री झोपायला पाठवतो. त्याच्या मनात एक वाचकही ठरलेला आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे तो वाचक कुठून आला हेही मला थोडेफार माहीत आहे. या लेखात त्या वाचकाबद्दल आणि त्याच्या जागी चुकून येऊन बसलेल्या माणसांबद्दल लिहायचे आहे.

हा ठरलेला वाचक सूचनांवरूनच ओळखू येतो. तो दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत असतो, म्हणून त्याला दर तासाला 'उठा' म्हणावे लागते. व्यायाम ही त्याच्या दिवसातली वेगळी गोष्ट आहे, तिला सुरुवात आणि शेवट असतो आणि त्यासाठी तो बटण दाबतो. त्याला शनिवार-रविवार असतात. त्याची झोपण्याची वेळ त्याच्या हातात असते. फोन त्याचा एकट्याचा असतो. त्याने खाल्लेले अन्न वाटीत मोजता येते. थोडक्यात, तो मी आहे. माझ्यासाठी हे ॲप बरे चालते. उठ म्हणाले की मी उठतो, पाणी पिऊन येतो, आणि माझी पाठ त्याची ऋणी आहे.

पण हे बँड आता माझ्यासारख्यांपुरते राहिलेले नाहीत. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो) कुठल्याही तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात चार्जर आणि इअरफोनच्या शेजारी ते टांगलेले असतात. पुण्याला कामाला गेलेली पोरे दिवाळीला ते घरी आणतात. माझ्या आत्तेभावाने असाच एक त्याच्या आईला दिला. आत्याची चार एकर जमीन आहे, दोन म्हशी आहेत, वय पन्नाशीचे. कांदा लागवडीचे दिवस होते. तिने तो तीन आठवडे इमानेइतबारे घातला आणि त्या तीन आठवड्यांचा हिशेब मी नंतर फोनमध्ये पाहिला. वाफ्यात वाकून रोपे लावण्याच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत पावले जेमतेम सहा-सातशे. त्याच वेळेत नाडीचा आलेख शंभराच्या वर. ॲपने या दोन आकड्यांची सांगड आपल्या पद्धतीने घातली: बाई हलत तर नाहीये, तरी नाडी वाढलीय. मग एक इशारा आला की हालचाल नसताना हृदयाचे ठोके जास्त आढळले आहेत, आणि त्याच्या खाली दीर्घ श्वसनाचा सल्ला. दर तासाला 'उठा, थोडे चाला' हे होतेच. आत्याचे म्हणणे, "अरे, हे मला म्हणतंय जरा हिंड. त्याला म्हणावं, ये वाफ्यात."

विनोद इथे संपतो, कारण भाऊ घाबरला. दिवसभर कामाचा खाडा करून तो तिला नगरला घेऊन गेला, ईसीजी काढला, रक्त तपासले. काही निघाले नाही. आत्या आता बँड फक्त लग्नाकार्याला घालते, तिथे तो शोभून दिसतो.

हे का झाले ते समजायला बँडच्या आत थोडे डोकवावे लागेल. बँडमध्ये तीन दिशांचा वेग-बदल मोजणारी एक चिप असते. माणूस चालतो तेव्हा हात झुलतो आणि त्या चिपच्या आलेखात ठरावीक अंतराने शिखरे उमटतात. शिखरे पुरेशी उंच आणि पुरेशी नियमित असली की ॲप त्यांना पावले म्हणते. म्हणजे मोजला जातो हात, आणि निष्कर्ष काढला जातो पायाबद्दल. डोक्यावर हंडा आणि हाताने त्याला आधार, असे एक किलोमीटर चालले तर हात झुलत नाही. डोक्यावर गवताचा भारा असला तरी तेच. उकिडवे बसून खुरपताना बाई अख्ख्या सरीभर पुढे सरकते, पण उजव्या हातात खुरपे आणि बँड डाव्या हातात. डावा हात फक्त तण गोळा करतो. आलेख जवळजवळ सपाट.

नाडीचे गणित वेगळे. बँडच्या पोटातला हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या लाटेगणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. सावळ्या कातडीवर हे कमी नीट चालते, असे आपल्याकडे बरेचदा म्हटले जाते. मला हा आक्षेप आवडला असता, पण २०२० साली याच प्रश्नावर झालेल्या एका तपासणीत कातडीच्या रंगामुळे फारसा फरक आढळला नाही. फरक पडला तो हालचालीमुळे, काम करताना चूक विश्रांतीपेक्षा सरासरी तीस टक्क्यांनी जास्त. बांगड्यांचे काय होते हे त्या तपासणीत असण्याचे कारण नव्हते. हातभर बांगड्यांच्या वर किंवा खाली बँड घातला की तो सैल बसतो, फटीतून ऊन शिरते आणि दिव्याचे काम बिघडते. बांगड्या काढा हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तो आत्याला द्यायला कोण जाणार, हा प्रश्न तांत्रिक नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या पिढीतल्या ज्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट केला, त्यांतल्या अनेकांनी 'ह्यूमन ॲक्टिव्हिटी रेकग्निशन' नावाचा एक डेटासेट वापरलेला असतो. तो २०१२ च्या सुमारास इटलीत आणि स्पेनमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी तयार केला. १९ ते ४८ वयाचे तीस स्वयंसेवक, कमरेला बांधलेला एक फोन, आणि सहा क्रिया: चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे. जगभरच्या विद्यार्थ्यांनी यावर प्रयोग केले, नव्वद-पंचाण्णव टक्के अचूकता मिळवली आणि मार्क घेतले. त्यात काही गैर नाही. पण या डेटासेटकडे मजकूर म्हणून पाहा. ही सहा क्रियापदांची भाषा आहे. तीत माणसाच्या शरीराबद्दल जे काही म्हणायचे ते या सहांतच म्हणावे लागते. आणि वर्गीकरणाचे गणित असे असते की सगळ्या पर्यायांच्या शक्यतांची बेरीज एक यावी लागते. 'यातले काहीच नाही' हा सातवा पर्याय कोणी मुद्दाम ठेवला नाही, तर यंत्राला तसे म्हणताच येत नाही. खुरपणारी बाई त्याच्यापुढे आणली तर ते गोंधळून थांबणार नाही. ते ठामपणे सांगेल: बसलेली आहे.

बाजारातले बँड अर्थात या सहांच्या खूप पुढे गेले आहेत. शंभरावर खेळ ओळखतो अशी जाहिरात हल्ली स्वस्तातल्या बँडचीही असते. मी पाहिलेल्या अशा याद्यांमध्ये क्रिकेट, झुंबा, बर्फावरचे स्केटिंग होते. खुरपणी नव्हती. म्हणजे क्रियापदे वाढली, पण ती सगळी फावल्या वेळातली.

मराठीकडे मात्र कामाच्या क्रियापदांना तोटा नाही. निंदणे, खुरपणे, वेचणे, सोंगणे, मळणे, उफणणे, पाखडणे, कांडणे, दळणे, सारवणे, शेंदणे. यातले प्रत्येक क्रियापद म्हणजे शरीराची एक वेगळी ठेवण आहे, वेगळे सांधे, वेगळी दमणूक. उफणायला हात डोक्याच्या वर न्यावे लागतात, शेंदायला खांदे आणि पाठ. भाषेने हे वर्गीकरण कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय करून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. बायकांनी स्वतःच्या श्रमाची ठेवलेली ती नोंदवही म्हणूनही वाचता येते. (जात्याची एक गंमत. दळताना हात मोठ्या लयीत गोल फिरतो. दर घरात जाते असते तर बँडने बसल्या जागी हजारो पावले देऊन टाकली असती.)

ॲप चुकते, ही माझी तक्रार नाही. प्रत्येक माप चुकते. अडचण ही आहे की आपल्याला कळले नाही हे ॲपला कळत नाही. डेटाबेस शिकवताना पहिल्या काही तासांत 'नल' आणि शून्य यांतला फरक सांगतात. शून्य म्हणजे मोजले आणि काही नव्हते. नल म्हणजे माहीत नाही. हा फरक शब्दच्छल नाही. सरासरी काढताना शून्य हिशेबात येते आणि सरासरी खाली ओढते, नल बाजूला ठेवला जातो. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न हमखास येतो. आणि हेच शिकलेली माणसे जेव्हा आरोग्याचे ॲप बांधतात तेव्हा जे काम ओळखता आले नाही त्याच्या जागी शून्य लिहितात. आत्याच्या त्या सहा तासांच्या आलेखावर 'या वेळेत काय चालले होते ते कळले नाही' असे लिहिलेले असते, तर त्या ॲपविरुद्ध मला काहीही म्हणायचे नव्हते. तिथे लिहिले होते: निष्क्रिय.

एकदा शून्य लिहिले की त्यावर पुढचे मजले चढतात. दहा हजार पावलांचे लक्ष्य घ्या. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव आकर्षक होते, आकडा गोल होता, तो टिकला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते आणि साधारण ७,५०० च्या पुढे फरक थांबत होता. तरी दहा हजार आहेच. आता काही आरोग्य विमा योजनांत रोजच्या पावलांवर हप्त्यात सवलत मिळते. म्हणजे ज्या आकड्यात खुरपणी शून्य आहे त्या आकड्याला पैशांत किंमत आली. मी कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत फेऱ्या मारतो आणि माझा हप्ता कमी होऊ शकतो.

कॅलरींचा हिशेब 'मेट' नावाच्या एककावर चालतो: स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तिच्या कितीपट. प्रत्येक कामाची पट देणारे एक प्रसिद्ध कोष्टक आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत ताशी तीन मैलांच्या चालण्याला ३.३ आहे आणि बागेतले तण काढण्याला ४.५. अमेरिकन परसबाग आणि आमचे कांद्याचे वाफे एक नव्हेत हे मान्य. पण निदान तिथे ते क्रियापद आहे, आणि ते चालण्याच्या वर आहे. ज्ञान उपलब्ध आहे. बँडपर्यंत पोचलेले नाही.

हे सगळे कोणी म्हणेल की चिल्लर आहे, बाईला हसू आले आणि विषय संपला. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही त्याचा पुरावा आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातून येतो. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' हा अभ्यास सुरू झाला; केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्यातले प्रमुख नाव. गरोदर बाईच्या खाण्याचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध शोधायचा होता, पण त्याबरोबर तिच्या कामाचाही. ते मोजायला बँड नव्हते. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बायकांशी गटागटाने चर्चा केल्या आणि त्यातून त्या भागातली घरची-शेतातली कामे धरून प्रश्नावली बांधली. सुमारे आठशे बायकांना ती विचारली. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला: गरोदरपणात ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांच्या बाळांचे वजन कमी.

आता तीच बाई, पाचवा महिना, मनगटावर बँड. दिवसभर शेतात वाकलेली. ॲपच्या नोंदीत निष्क्रिय. संध्याकाळी सूचना येते: आज तुमचे लक्ष्य अपुरे राहिले, थोडे अधिक चाला. तिला जे ऐकण्याची गरज आहे त्याच्या नेमके उलट. तिला कोणीतरी, शक्यतो सासूच्या देखत, 'आज पुरे, बस आता' म्हणायला हवे. विश्रांती हे ध्येय असू शकते हे या ॲपच्या रचनेतच नाही. वर्तुळ हलल्याने भरते, बसल्याने कधीच भरत नाही.

याज्ञिकांचेच आणखी एक काम इथे आठवते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ॲप उघडल्यावर पहिल्याच पानावर उंची-वजन विचारून हिरव्या रंगात 'सामान्य' असे लिहिणाऱ्यांनी तो फोटो आपल्या ऑफिसात लावावा.

झोपेचा विभाग मला सगळ्यांत उद्धट वाटतो. शेतीपंपाची वीज कित्येक वर्षे आलटून पालटून दिवसा आणि रात्री येत आली आहे. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठून मोटर चालू करायची, बारे द्यायला जायचे. संगमनेर-अकोले-राहुरीकडे उसात बिबट्या असतो, म्हणून बॅटरी, काठी आणि सोबत कोणीतरी. शेतकऱ्यांची दिवसा विजेची मागणी जुनी आहे आणि त्यासाठी सौर फीडरच्या योजनाही आल्या. सकाळी ॲप म्हणते, तुमच्या झोपेचा गुण ४१, झोपण्याची वेळ नियमित ठेवा. वीज कंपनीचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या चारित्र्याचा दोष म्हणून वाचले जाते. एका ओळीचा प्रश्न पुरला असता: रात्री पाण्याची पाळी होती का? हो म्हटले की त्या आठवड्याचा गुण द्यायचाच नाही, आणि दुपारच्या तासाभराच्या झोपेला झोप म्हणायचे.

फोनचे तर वेगळेच. बँड बायकोच्या हातात, ॲप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर. ॲपच्या लेखी फोन आणि शरीर एकाच माणसाचे. त्यामुळे 'उठा, चाला' ही सूचना कधी पुण्याला बसलेल्या मुलाला येते, आणि पाळीची तारीखही त्यालाच दिसते. हे सुधारायला नवी चिप लागत नाही. 'हा बँड कोणाचा, फोन कोणाचा' एवढे सुरुवातीला विचारायचे, आणि काही पाने बँड घालणारीच्या आकड्याशिवाय उघडू द्यायची नाहीत.

भाषांतराबद्दल थोडे, कारण वाचकांना तेच आधी खटकते. मी वापरून पाहिलेल्या एका ॲपच्या मराठीत 'हलण्याची वेळ झाली' असे येते. आमच्याकडे हे वाक्य फक्त पाहुण्यांना निरोप देताना चालते. दुसरीकडे 'तुम्ही तुमचे ध्येय चिरडले' असे अभिनंदन होते. हसू येते, पण हे वरवरचे आहे. चांगला भाषांतरकार नेमला की महिन्यात सुटेल. इंग्रजीत तर अजून वाईट झाले असते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, तेव्हा निकृष्ट फोन ही एक तक्रार होती आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे ही दुसरी. पण 'निष्क्रिय' या शब्दाचे उत्तम मराठी केले तरी आत्या निष्क्रियच राहते. सुधारायचा आहे तो हिशेब.

आणि या हिशेबाची दुसरी पद्धत माझ्याच जिल्ह्यात पन्नासहून अधिक वर्षांपासून आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी तालुका. लोकांच्या दृष्टीने आधी अन्न आणि पाणी होते, औषध नंतर. म्हणून प्रकल्पाने कूपनलिकांच्या कामातही हात घातला. गावात प्रशिक्षित नर्स ठेवण्याचा पहिला प्रयत्न जमला नाही. मग गावानेच निवडलेल्या गावातल्याच बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित घरांतल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन पोरांची वजने घेत, गरोदर बायकांवर लक्ष ठेवत, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवत. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा विसाच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २००५ नंतर देशभर ज्या 'आशा' आल्या त्यांच्या मागे जी उदाहरणे सांगितली जातात त्यांत जामखेड असते.

जामखेडचे नाव घेतले की लेखाला एक पवित्र सूर लागायचा धोका असतो. मला त्यातली फक्त एक तांत्रिक गोष्ट हवी आहे. तिथेही मोजमाप होते, भरपूर होते. वजनकाटा हे यंत्रच आहे. पण मोजणारी बाई त्याच गावात राहत होती. पोराचे वजन वाढले नाही तर का वाढले नाही हे तिला विचारता येत होते, आणि पुष्कळदा विचारायचीही गरज नसे. आई दिवसभर मजुरीला जाते, पाणी लांबून आणते, हे तिला दिसत होते. आकड्याशेजारी एक वाक्य असायचे. बँडने आकड्यांची संख्या दिवसाला काही हजारांवर नेली आणि ते वाक्य काढून टाकले.

वाक्य परत आणता येते. असे झालेले आहे. २०१६ मध्ये ॲपलने आपल्या घड्याळात व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी मोजणी आणली. तोवर त्यांच्यासाठी 'उभे राहा' ही सूचना येत होती, जी नुसती चूक नव्हती, अपमान होता. कंपनीने व्हीलचेअर वापरणाऱ्यांकडून प्रत्यक्ष नोंदी गोळा केल्या, चाकाला दिलेले ढकल मोजायला यंत्राला शिकवले आणि सूचनेतले क्रियापद बदलले. पाऊल हे एकक निसर्गदत्त नाही, कोणीतरी ठरवलेले आहे, हे त्या एका बदलात कबूल केले गेले. हात त्यांचाही झुलत नव्हता. फरक एवढाच की ते ग्राहक कंपनीला दिसत होते.

माझे प्रस्ताव यापुढे फारसे थोर नाहीत. जिथे नाडी सांगते काम चालू आहे आणि हालचाल सांगते नाही, तिथे आलेख राखाडी ठेवा आणि संध्याकाळी एकदाच विचारा: आज दिवसा काय काम होते? चित्रांची यादी द्या, बोलून उत्तर देता येऊ द्या. निरक्षर बाई वर्षाचा हिशेब तोंडी ठेवते, तिला हे जड नाही. उत्तर आले की तो तुकडा त्या क्रियापदाच्या नावाने साठवा. हजार बायकांनी महिनाभर उत्तरे दिली की ओळखण्याचे गणित शिकवण्यापुरता डेटासेट तयार होतो, आणि तो देणाऱ्या बायकांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, कारण तो रोजंदारीइतकाच कामाचा आहे. उत्तर नाही आले तर जागा राखाडीच राहू द्या. हे बसवायला माझ्यासारख्या दोन-तीन जणांना काही महिने लागतील. मी ऑफिसात हे बोललो तेव्हा एक प्रश्न आला, तो रास्त होता: राखाडी जागा जास्त दिसल्या तर लोक म्हणतील बँड खराब आहे. म्हणू देत. तेवढ्या वेळापुरता तो खराबच असतो. यावर व्यवस्थापनाचे उत्तर काय येते ते वाचकांना अंदाजाने कळेल.

मी यादी करायला घेतली आहे, आणि पहिल्याच शब्दाला अडलो. आमच्याकडे खुरपणी म्हणतात. विदर्भातला सहकारी म्हणाला, निंदण लिही. कोकणातली एकजण म्हणाली, भातात बेणणी असते आणि ती चिखलात वाकून, उकिडवे बसून नव्हे, त्यामुळे तिचा आलेखही वेगळाच येईल. तिचे बरोबर आहे. सध्या त्या तिन्हींना तीन वेगळ्या ओळी दिल्या आहेत.